पहिलं बोट

१

त्र्यंबकराव भागवत दवाखान्यातल्या खाटेवरून भेटेल त्याला तीच तीन वाक्यं सांगत होते. रविवारी सकाळी मी न्हाणीघरात घसरून पडलो. पडल्या जागेवरून, टॅबची बॅटरी संपेपर्यंत, ऑफिसला तीन पत्रं पाठवली. सोमवार उजाडला तरी कुणी आलं नाही.

म्हातारा माणूस, खुब्याचं हाड मोडलेलं, सत्तावीस तास ओल्या फरशीवर पडून राहिलेला. त्याच्या बोलण्यावर कोण किती भरवसा ठेवणार? पण त्र्यंबकराव देहूरोडच्या लष्करी डेपोत छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. ते तीन म्हणाले की तीनच.

'हिरवाई बंगला सेवा'च्या ऑफिसात मात्र एकही पत्र आलेलं नव्हतं. तुंगार्लीच्या तलावाभोवतीचे बंगले वर्षाचे दहा महिने कुलपात असतात आणि मालक मुंबई-पुण्यात. ती कुलपं, बागा आणि शनिवार-रविवारचे पाहुणे सांभाळणं हा या ऑफिसचा धंदा. बाराही महिने राहणारा मालक एकच, 'दहिवर' बंगल्यातले त्र्यंबकराव. कान गेलेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. म्हणून परदेशातल्या लेकीनं, इंद्रायणीनं, ऑफिसशी ठरवून टाकलं होतं. बाबा रोज सकाळी सातला मेल करतील. मेल आला की वहीत बरोबरची खूण करायची. दहापर्यंत आला नाही, तर ऑफिसच्या माळ्यानं, भिमाजीनं, चढ चढून जाऊन पाहून यायचं.

सोमवारी मेल आला नाही, भिमाजी गेला, दार तोडलं, म्हातारा जिवंत सापडला. इथवर सगळं नियमाप्रमाणे.

पण वहीत रविवारच्या रकान्यातही बरोबरची खूण होती.

२

ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचं सगळं चंद्रिकाताईच्या गळ्यात होतं. वय चौपन्न, तळेगावला घर, घरात दुसरं माणूस नाही. आई होती ती गेल्या दिवाळीआधी गेली. सकाळच्या लोकलनं लोणावळा, संध्याकाळच्या लोकलनं परत. दुपारी मागच्या खिडकीशी एकटीनं डबा खायचा. या खाण्याबद्दल कुणी काही बोललेलं तिला खपत नसे.

मेलची गाळणी तिनंच निवडली होती. फेब्रुवारीत एका मालकाच्या नावानं खोटा मेल आला आणि मॅनेजर अनघा साने एका बंगल्याच्या किल्ल्या भलत्याच माणसांच्या हातात द्यायला निघाली होती. तेव्हापासून स्पॅमचा बंदोबस्त करायचं ठरलं. चंद्रिकाताईनं तीन गाळण्या पंधरा-पंधरा दिवस वापरून पाहिल्या. पहिलीतून लॉटरीवाले आणि परदेशी राजपुत्र खुशाल आत यायचे. दुसरी इतकी सोवळी, की बुकिंगची चौकशी करणाऱ्या खऱ्या माणसांनाही उंबऱ्याबाहेर उभं करायची. तिसरी माणसांकडून शिकणारी होती. नको असलेल्या मेलवर 'स्पॅम' बटण दाबायचं, की तो सगळ्यांच्याच डब्यातून नाहीसा व्हायचा. आणि एकाच माणसाचे मेल तीन वेगवेगळ्या लोकांनी असे उडवले, तर तो माणूस कायमचा बंद.

"एकाच्या रागानं कुणावर दार लागायला नको," तिनं तेव्हा मीटिंगमध्ये सांगितलं होतं. "तिघांचं एकमत झालं तर तो मेल खरंच कचरा असणार." तिसरी गाळणी घेतली गेली. चंद्रिकाताईचं नाव झालं.

आता मंगळवारी सकाळी तिनं गाळणीचा अडवलेल्या मेलचा ढीग उपसला. दहा मिनिटं लागली. लॉटऱ्या, औषधं, फुकटच्या सहली यांच्यामध्ये त्र्यंबकरावांची तीन पत्रं सापडली.

रविवार, ७.१०. "न्हाणीघरात घसरलो. उठता येत नाही. भिमाजीला पाठवा."

रविवार, ७.४५. "घाई नाही, पण थंडी वाजते आहे."

रविवार, ९.१५. "पत्र मिळालं असेल तर एका शब्दानं कळवा."

आणि त्यांच्याखाली होती आणखी सत्तावन्न पत्रं. जूनच्या मध्यापासूनची, रोज सकाळी सातची. सगळी न उघडलेली.

चंद्रिकाताईनं ती पुन्हा मोजली. दोन महिने एक माणूस रोज सकाळी बोलत होता आणि या खोलीतल्या एकालाही त्याची उणीव जाणवली नव्हती. तिलाही नाही.

३

"मग खूण कुणी केली?" अनघानं विचारलं. तिची उजवी पापणी फडफडत होती. शुक्रवारी इंद्रायणी विमानानं येणार होती आणि तिनं एकाच ओळीचा निरोप धाडला होता: मला नाव हवं आहे.

वही रिसेप्शनवरच्या अपेक्षाची. चोवीस वर्षांची, कामसू, बोलताना हसणारी मुलगी. आज हसत नव्हती. "मी कशाला खोटी खूण करू, मॅडम? मेल आले होते. आले म्हणून केली."

चंद्रिकाताई वही चाळत राहिली. खुणेशेजारी वेळ लिहायची अपेक्षाची सवय होती. मे महिन्यात ७.२०, ७.१५, ७.३०. जूनच्या तेरा तारखेपर्यंत अशाच मागेपुढे; चौदाला अपेक्षा रजेवर. पंधरापासून मात्र सगळ्या खुणांशेजारी एकच वेळ, ९.३०. रोज. एक दिवस चुकला नव्हता.

"अपेक्षा, साडेनऊला आपल्याकडे काय येतं?"

मुलीनं वहीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "यादी."

गाळणी रोज साडेनऊला एक यादी धाडत असे: कालपासून आजपर्यंत कुणाकुणाचे मेल अडवले त्यांची नुसती नावं. चुकून कुणी खरा माणूस अडकला असेल तर सोडवावा, यासाठी. सोडवायचं काम अपेक्षाकडे होतं.

"त्यात त्यांचं नाव असायचं, ताई. मला वाटलं, यंत्रानं त्यांचं फालतू म्हणून बाजूला काढलंय. नाव दिसलं म्हणजे मेल केलाय, मेल केलाय म्हणजे बरे आहेत. मी खूण करायचे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं मला. दोन-दोन पानं वाचायला लागत नव्हती ना. रविवारी नावापुढे तीनचा आकडा होता. मी म्हटलं, आज आजोबा फारच रंगात आलेले दिसतात."

 बाहेर तलावाकडून पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत राहिले.

४

खुणेचा उलगडा झाला, पण इंद्रायणीला हवं होतं ते नाव अजून मिळालं नव्हतं. म्हाताऱ्याला बंद केलं कुणी?

गाळणीच्या दप्तरात नोंदी होत्या, पण बटण कुणी दाबलं त्यांची नावं नव्हती. लोकांनी मोकळेपणानं बटण दाबावं म्हणून कंपनीनं ती झाकलेली. नुसती तारीख आणि वेळ.

१ मे, ००:००:००
९ जून, १६:४१:१७
१४ जून, ११:२६:५२

अनघानं पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं. "एक मे. महाराष्ट्र दिन. ऑफिस बंद. आणि वेळ बघा, रात्रीचे बारा! त्या वेळी इथे कोण असतं?"

ऑफिसच्या मागच्या खोलीत भिमाजी आणि त्याची बायको सरुबाई राहत. किल्ल्या त्याच्याकडे. पासवर्डांचं म्हणाल तर ते सगळ्यांचेच चिठ्ठ्यांवर लिहून कॉम्प्युटरला चिकटवलेले.

"आणि कारणही आहे," अनघा म्हणाली. "एप्रिलमध्ये त्यांनी तक्रार केली होती, भिमाजीनं जांभळाची फांदी वाकडी तोडली म्हणून. मी बोलले होते त्याला." दुपारपर्यंत तिनं कागदही टाइप केला. भिमाजीला कामावरून कमी केलं आहे, महिनाअखेर खोली सोडावी.

भिमाजी दारात टोपी हातात धरून उभा राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा, मळवलीकडचा गडी, बोलणं मोजकं. "मी त्या डब्ब्याला हात बी लावत न्हाई, ताई," तो चंद्रिकाताईला म्हणाला. "एक मेला व्हय, हितंच हुतो. शाळंत झेंडा बघून आलो, कुंड्यांला पानी घातलं, जेवून झोपलो. फांदीचं म्हनाल तर त्यांनीच मागनं च्या पाजला मला. म्हातारबाबांचा कशाला राग यील? लय मायेचं मानूस."

"खोली गेली तर कुठे जाल?"

"कुटं जायाचं? गावाकडचं घर पडलं. सरूला दम्याचा तरास." त्यानं टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "मी त्यांला उचलून आनलं ना, ताई, तवा हलके लागले. पाखरागत."

चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, हे चंद्रिकाताईला कळत होतं. मेल बंद पडले तर ठरल्याप्रमाणे रोज चढ भिमाजीलाच चढावा लागला असता. स्वतःच्या पायांमागे असा ससेमिरा कोण लावून घेईल? पण एवढ्या तर्कावर इंद्रायणीचं समाधान व्हायचं नाही. तीन बोटं होती. तिन्ही शोधायला हवी होती.

५

दुसरं बोट तर आपणहून पुढे आलं. नऊ जूनच्या संध्याकाळचं विचारताच अपेक्षानं मान खाली घातली. "माझं. शनिवारच्या बुकिंगचे शंभर मेल होते आणि त्यांनी ओसरीतल्या दिव्यात बुलबुलनं घरटं केल्याचं दोन पानं लिहिलेलं. एकदाच दाबलं, ताई. एकदाच."

चौदा जूनला अपेक्षा पुण्याला परीक्षेला गेली होती. भिमाजी सकाळपासून बोरघाटाकडच्या बंगल्यावर, तिथल्या गेटवरच्या वहीत त्याचा अंगठा. चंद्रिकाताई स्वतः त्या दिवशी डोळे दाखवायला गेलेली. उरलं कोण?

बुधवारी दुपारी ती अनघाच्या केबिनमध्ये जाऊन बसली आणि चौदा जूनचा त्र्यंबकरावांचा मेल समोर ठेवला. शेजारच्या बंगल्यात आपण उतरवलेले पाहुणे रात्रभर स्पीकर लावतात, मला ऐकू येत नाही पण जमीन हादरते, दारातली कुत्री घाबरतात, असं त्र्यंबकरावांनी लिहिलं होतं.

अनघानं ते वाचलं नाही. तिला पाठ असावं. "दर शनिवारी तेच," ती म्हणाली. "पाहुण्यांना बोलले तर पाहुणे जातात, नाही बोलले तर हे लिहितात. मला त्या दिवशी कुणाचंच काही ऐकायचं नव्हतं." मग एकदम आवाज चढवून, "पण मी एकटीनं बंद नाही केलं त्यांना! तुमचा नियमच आहे ना, तिघं लागतात! पहिलं बटण दाबणारा कोण, ते सांगा. सुरुवात त्यानं केली."

तेच खरं. चंद्रिकाताई आपल्या टेबलाशी परत आली आणि त्या तीन ओळींकडे बघत बसली. सतरा सेकंद. बावन्न सेकंद. आणि शून्य.

माणूस बटण दाबतो तेव्हा काही घड्याळात शून्य शून्य शून्य व्हायची वाट बघत बसत नाही.

तिनं गाळणीच्या कंपनीतल्या रुचिरला पुण्याला फोन लावला. विकताना यानंच सगळं समजावलं होतं.

"एक मेची ती नोंद?" रुचिरनं पलीकडे काहीतरी खटखट केलं. "ते त्या दिवशी कुणी दाबलेलं नाही, मॅडम. एक मेपासून तुमचं खातं पक्कं झालं ना? ट्रायलमध्ये गाळणी जे शिकली होती ते त्या क्षणी आपोआप पुढे आलं. म्हणून सगळी शून्यं."

"ट्रायलमधलं पुसून टाकायचं होतं ना?"

"तुम्हीच म्हणालात, एवढं शिकवलंय ते वाया जायला नको. मेल आहे तुमचा."

"बरं. ट्रायलमध्ये कोणकोण होतं?"

पलीकडे पुन्हा खटखट झाली. "मॅडम, ट्रायलला एकच लॉगिन असतं. तुमचं."

६

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ती काही विसरली नव्हती. फक्त त्या आठवणीकडे पाठ करून बसली होती, इतके दिवस.

एप्रिलचा तो दिवस. ट्रायल चालू होती, गाळणीला शिकवायला ती दिवसभर खोट्या मेलवर बटण दाबत होती, दोनशे तरी दाबले असतील. आदल्या दिवशी त्र्यंबकराव चालत ऑफिसात येऊन गेले होते. आणि सकाळी सातला त्यांचं पत्र आलं, सगळ्यांच्या पत्त्यावर, नाव मात्र तिचं.

"चंद्रिकाबाई, काल खिडकीशी तुम्ही एकट्याच डबा खाताना दिसलात. मीही एकटाच जेवतो. दोन एकटी माणसं एका ठिकाणी जेवली तर हिशेबात काय फरक पडतो ते मला बघायचं आहे. एखाद्या दुपारी वर या. पिठलं मला बरं जमतं."

तिचे कान तापले होते. आता अपेक्षा येईल, वाचेल, हसेल. अनघा वाचेल आणि कीव करेल. ऑफिस उघडायला दहा मिनिटं होती. तिनं दोनशे खोट्या पत्रांमध्ये ते एक खरं पत्र ढकललं आणि बटण दाबलं. ट्रायलचंच तर आहे, असं स्वतःला सांगितलं. दुपारी डबा घेऊन खिडकीकडे पाठ करून बसली.

रुचिर फोनवर अजून होताच. "मॅडम, काही घोटाळा असेल तर ती एक नोंद मी काढून टाकतो. ट्रायलचं कोण विचारतंय?"

खरंच, कोण विचारणार होतं? रात्री बारा, सुट्टीचा दिवस, मागच्या खोलीत राहणारा माणूस. कागद टाइप होऊन पडलेला. चौपन्नाव्या वर्षी तिला दुसरी नोकरी कुणी दिली नसती. नोकरी गेली तर लोकल नाही, लोणावळा नाही, खिडकीसुद्धा नाही. उरेल ते तळेगावचं रिकामं घर.

"राहू दे," ती म्हणाली. "नोंद आहे तशी मला छापून पाठव."

७

शुक्रवारी इंद्रायणी आली. पन्नाशीची, प्रवासानं शिणलेली, रागानं ताठ. अनघाच्या केबिनमध्ये सगळे उभे होते. भिमाजी दारात.

चंद्रिकाताईनं छापलेला कागद टेबलावर ठेवला आणि सगळं क्रमानं सांगितलं. यादी, खुणा, बुलबुल, स्पीकर. बोलता बोलता आवाज फाटेल असं वाटलं होतं, फाटला नाही.

"म्हणजे नाव नाहीच," इंद्रायणी म्हणाली. "यंत्राचा दोष."

"आपण शिकवलं तेच यंत्रानं केलं. नावं तीन आहेत. भिमाजीचं त्यात नाही." तिनं शून्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. "जे बोट मला सगळ्यात शेवटी सापडलं, ते निघालं पहिलं, आणि ते माझं. ही गाळणी आणली मी, तो नियम निवडला मी, आणि तुमच्या वडिलांवर पहिल्यांदा दार लावलं तेही मीच. त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं, म्हणून."

इंद्रायणीनं कागद जवळ ओढला. या उत्तरासाठी तिची तयारी नव्हती. रागाला नेमकं कुठे ठेवावं ते तिला कळेना. मग दारातून भिमाजीचा आवाज आला.

"मी बी हाय त्यात, ताई." सगळ्यांनी वळून पाहिलं. "मी आठवड्याला बागंत जायाचो तवा म्हातारबाबा इचारायचे, काय रं, वाचत्यात का माजी पत्रं? मी खुनंनं सांगायचो, व्हय तर, समदी वाचत्यात, हसत्यात. मला काय ठावं! त्यांला बरं वाटावं म्हनून सांगायचो."

इंद्रायणी खुर्चीवर बसली आणि रडू लागली. बऱ्याच वेळानं तिनं भिमाजीचा तो टाइप केलेला कागद उचलून फाडला. "तुमचं काय ते या ऑफिसचे मालक ठरवतील," ती चंद्रिकाताईला म्हणाली. "बाबांना मी पुण्याला ठेवणार आहे. 'दहिवर' बंद होईल. आणि मला तरी काय बोलायचा अधिकार आहे? मलाही ते रोज लिहायचे. मी आठवड्याची सातही पत्रं रविवारी एकदम वाचायचे."

८

शनिवारी दुपारी चंद्रिकाताई दवाखान्यात गेली. हातात दोन डबे. त्र्यंबकराव उशीला टेकून बसले होते, टॅब छातीवर. गाल आत गेलेले. तिला पाहून त्यांनी ओळखीचं हसू केलं आणि कानांकडे हात नेऊन नकाराची खूण केली.

तिनं पर्समधून फोन काढला. एप्रिलचं ते पत्र तिनं ढिगातून सोडवून आणलं होतं. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून ती त्याला उत्तर लिहू लागली, चार महिन्यांनी. काहीही लपवलं नाही. पत्र मिळालं होतं. मी ते स्पॅममध्ये टाकलं. लाज वाटली होती, तुमची नाही, माझी. तुमची पत्रं बंद होण्याची सुरुवात माझ्यापासून झाली.

तिनं बटण दाबलं. हातभर अंतरावर त्यांच्या छातीवरचा टॅब थरथरला.

त्र्यंबकरावांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं. पुन्हा वरून वाचलं. चंद्रिकाताई खिडकीकडे बघत राहिली. ते ओरडले असते तरी चाललं असतं, परिचारिकेला बोलावून तिला बाहेर काढलं असतं तरी चाललं असतं.

ते टॅबवर एका बोटानं टिचक्या मारत राहिले. मग तिचा फोन वाजला.

"म्हणजे तुम्ही वाचलं होतंत. मला वाटत होतं, तेवढं एक कुणीच वाचलं नाही."

तिनं मान वर केली. ते तिच्या मांडीवरच्या दोन डब्यांकडे बघत होते. मग त्यांनी पुन्हा टिचक्या मारल्या आणि फोन पुन्हा वाजला.

"पिठलं आहे का?"

 तिनं मानेनं हो म्हटलं, डोळे पुसले, आणि पहिल्या डब्याचं झाकण उघडलं.